मिनाकामीची रंगीत तालीम

भानुदास खैरनार आराखडा काढल्याशिवाय चहासुद्धा करत नाही, असं यामिनीवहिनी सगळ्यांना सांगायच्या. ते खरं नाही. चहा तो करतच नाही. बाकी सगळ्याचा आराखडा काढतो.

इचिकावात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर, मी सडाफटिंग खालच्या. नोकरीही एकच. तोक्योतल्या एका बँकेचे जुने प्रोग्राम दोन हजार साल उजाडल्यावर कोलमडू नयेत म्हणून ओळीन् ओळ तपासायची. मी या कामाला विटलो होतो, भानुदासला ते मानवलं होतं. कुठे काय बिघडू शकतं याची काळजी करणं हा त्याचा जन्मजात गुण, आणि जपानी लोक त्याला त्याबद्दल चक्क पगार देत होते. ऑफिसात त्याला 'काइरुनारु-सान' म्हणत आणि आदराने मान लववत, कारण चाचणी घेतल्याशिवाय हा माणूस स्वल्पविरामही बदलत नसे.

घरीही तेच. वहिनींना जेवणाचे तयार डबे विकणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम मिळालं, तेव्हा पहिल्या दिवसाआधी तो एकटाच त्या दुकानापर्यंत चालून आला होता. वाटेत कुत्रं आहे का बघायला. जपानात!

तर असा हा भानुदास त्या मार्चमध्ये एका गोष्टीपायी झोप घालवून बसला होता. गोष्ट साधी होती. आईला एक वाक्य सांगायचं होतं.

त्याची आई, प्रभावतीकाकू, जानेवारीत चोपड्याहून आल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उंच, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा. शाळा सुटून आठ वर्षं झाली तरी समोरच्याच्या शर्टाचं बटण उघडं असलं की त्यांची नजर आधी तिथेच जायची. भानुदासचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. काकू चोपड्याच्या घरात एकट्या राहत. नाशिकची मुलगी, मेधा, चल म्हणून मागे लागली होती, तिला त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "भानुदास दिवाळीपर्यंत परत येतोय. मी वरची खोली काढतेय त्यांच्यासाठी." खोलीच्या भिंती उभ्या होत्या, छत घालून झालं होतं, आता फरशी तेवढी राहिली होती. गवंडी काकूंची वाट बघत थांबला होता.

आणि भानुदासने फेब्रुवारीत आणखी तीन वर्षांच्या करारावर सही केली होती.

वहिनींना माहीत होतं. मला माहीत होतं. नाशिकला मेधालाही फोनवर कळलं होतं. पाडव्याच्या आत काकूंचं विमान होतं आणि माहीत नव्हतं ते फक्त त्यांना.

"तू सांगणार आहेस का मी सांगू?" वहिनी रोज विचारायच्या.

"मीच सांगणार. पण इथे नको. इथे दोन खोल्या. आई रागावली तर जाणार कुठे? बाल्कनीत? तिथे कपडे वाळतात."

म्हणून सहल निघाली. डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्याला. चोपड्याहून उनपदेव जवळ, काकूंचं बालपण तिथल्या गोमुखातून पडणाऱ्या कढत पाण्याखाली गेलेलं, शिवाय गुडघे धरलेले. त्या पाण्यात बसल्या की मऊ होतील, मग सांगायचं. भानुदासच्या डोक्यात हे सगळं पायरीपायरीने तयार होतं.

आधी हाकोने ठरलं. मग त्याने हाकोनेचा हिशेब मांडला. तिथली खासगी रेल्वे, डोंगरावर चढणारी छोटी गाडी, पाळणा, बोट, सगळ्यांची वेगवेगळी तिकिटं. दोन दिवस तो आकडेच जुळवत बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजला, "प्रसन्न, मार्ग सापडला."

मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांच्या सुट्टीत मिळणारं रेल्वेचं स्वस्त तिकीट. नावात अठरा वर्षांचं तारुण्य असलं तरी वयाची अट नाही. एका कागदावर पाच शिक्के. एकाने पाच दिवस फिरावं, नाहीतर पाच जणांनी एक दिवस. फक्त धिम्या गाड्यांना चालतं, आणि एका कागदावर जितके जण निघाले तितक्यांनी स्टेशनाच्या फाटकातून एकत्रच आत जायचं, एकत्रच बाहेर पडायचं. या तिकिटात गुन्मा प्रांतातलं मिनाकामी गाठता येत होतं. बर्फाचे डोंगर, नदी, गरम पाणी. तीन-चार तास जायला, तेवढेच यायला.

"तू, वहिनी, काकू. तिघंच होताय," मी म्हणालो. "पाच शिक्क्यांचं काय करणार?"

"चौथा तू."

"मी कशाला?"

"तू असलास की आई चारचौघांत आवाज चढवणार नाही."

"आणि पाचवा?"

यावर तो थोडा लाजला. पाचवा शिक्का त्याने आधीच वापरला होता. आदल्या रविवारी, आईला ऑफिसचं काम आहे असं सांगून, तो एकटाच मिनाकामीला जाऊन आला होता. रंगीत तालीम. कुठल्या डब्यातून उतरलं की जिना जवळ पडतो, ताकासाकीला गाडी बदलताना किती धावावं लागतं, पुलावरून जाताना गुडघ्यांना त्रास होईल असा चढ आहे का, सगळं पाहून आला होता. पूल ओलांडून पलीकडे एका जुन्या सराईत दिवसापुरतं स्नान करू देतात, तेही थोडक्या पैशांत, हेही शोधलं होतं. स्वतः करून पाहिलं होतं.

"आणि बोलायचं कुठे, तेही बघितलं?"

"आंघोळीनंतर बसायला चटया घातलेली खोली आहे. खिडकीतून नदी दिसते. चहा फुकट."

रविवारी पहाटे निघालो. इचिकावाच्या फाटकावरच्या माणसाने कागदावर चार शिक्के मारले आणि आम्हाला मेंढरांसारखं मोजून आत सोडलं. काकूंनी नऊवारीवर भानुदासचा जाडा कोट चढवला होता, पायात लोकरी मोजे आणि कॅनव्हासचे बूट. हातात पिशवी. पिशवीत दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि आंघोळीसाठी एक जुनं सुती लुगडं.

गाडी उएनोहून सुटली तसा भानुदास उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहून फळीवरची पिशवी इकडची तिकडे केली.

"अरे बस की," काकू म्हणाल्या. "शिपाई परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतो तसा काय फिरतोयस?"

"नाही, बसतो. आई, मला काय म्हणायचंय..."

"आधी मला सांग, वरच्या खोलीला कोटा घालू की मोझॅक? गवंडी म्हणतो कोटा. थंड राहतो. पण यामिनीला तो काळपट रंग आवडायचा नाही."

यामिनीवहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर घरांवर वाळत घातलेल्या गाद्यांखेरीज काही नव्हतं.

"सांग ना गं. तुलाच राहायचंय."

"तुम्हाला आवडेल तो घाला, आई."

"हे काय उत्तर झालं?"

भानुदास परत उभा राहिला. पुढचं स्टेशन कुठलं ते बघून येतो म्हणाला आणि डब्याच्या टोकापर्यंत गेला. स्टेशनाचं नाव आमच्या डोक्यावर लिहिलेलं होतं.

ताकासाकीला धावपळ झाली नाही, कारण भानुदासने आम्हाला आधीच दाराशी आणून उभं केलं होतं. पुढच्या गाडीत समोरासमोर चौघांची बाकं मिळाली. काकूंनी दशम्या काढल्या. चटणीचा डबा उघडताच लसणाचा वास डब्यात पसरला आणि पलीकडच्या बाकावरच्या दोन आजीबाईंनी माना वर केल्या. भानुदास कासावीस झाला.

"आई, इथे गाडीत असं..."

"असं काय? खाऊ नये असं लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही. पण कोणी..."

"लिहिलेलं नाही ना? मग घे." त्यांनी दशमी त्याच्या हातात कोंबली आणि एक त्या आजीबाईंपुढे धरली. आजीबाईंनी दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला, एकमेकींकडे बघून हसल्या आणि बदल्यात दोन संत्री दिली. काकूंनी भानुदासकडे नुसतं पाहिलं. त्यांना बोलायची गरज नसे.

नुमाता मागे पडल्यावर बर्फ दिसू लागला. आधी सावलीतले तुकडे, मग शेतांचे बांध, मग सगळंच. काकूंनी चष्मा पुसला. बोगद्यात शिरलं की काच काळी व्हायची आणि तिच्यात भानुदासचा चेहरा दिसायचा. ओठ हलत होते. वाक्य पाठ करत होता.

मिनाकामीला काकू आमच्या पुढे चालत फाटकाशी पोचल्या आणि बाहेर पडू लागल्या. फाटकावरचा तरुण माणूस लाजत, वाकत, हात आडवे करून उभा राहिला. तिकीट भानुदासकडे, आणि भानुदास मागे कोटाचे, पँटचे, शर्टाचे खिसे चाचपत होता.

"सोडत नाही हा मला," काकू म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही तिघं आल्याशिवाय मला जाताच येत नाही?"

"हो, आई. चौघांचं एकच तिकीट आहे."

"चांगलंय," काकू म्हणाल्या. "माणसं एकत्र ठेवायला यांना रेल्वे लागते."

हे ऐकल्यावर, तिकीट सापडलं तरी भानुदास खिसे चाचपतच राहिला.

पुलावर वारा झोंबत होता. खाली नदी दगडांतून उड्या घेत चाललेली, पाणी हिरवंगार. काकू कठड्याला धरून थांबल्या. वहिनींनी मला कोपर मारलं आणि आम्ही दोघं चार पावलं पुढे गेलो. मागून भानुदासचा आवाज आला, "आई, कामाचं असं आहे, दोन हजार सालाची जी अडचण..." आणि मग काकूंचा, "तापीला उन्हाळ्यात एवढं पाणी असतं तर!" वळून पाहिलं तर काकू चालू लागल्या होत्या आणि भानुदास कठड्याशीच उभा.

सराईत एक म्हातारी मालकीण होती. तिने बूट काढायला लावले, पैसे घेतले, हातभर लांबीचे पंचे दिले. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. काकूंनी पिशवीतून लुगडं काढलं. वहिनींनी आपल्या पिशवीतला गाऊन. मालकीण घाईघाईने बाहेर आली, गोड हसत, दोन्ही हात हलवत. कपडे नाहीत. पाण्यात कपडे चालत नाहीत. काहीच नाही. तो पंचा, तोही डोक्यावर.

वहिनींच्या ध्यानात आधी आलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग लाल पडद्याकडे, मग भानुदासकडे, आणि त्या शेवटच्या नजरेने मीच दोन पावलं मागे सरलो.

"तू मागच्या रविवारी इथे येऊन गेलास," त्या दातांवर दात ठेवून म्हणाल्या.

"आलो होतो."

"आंघोळ केलीस."

"केली. पण मी... पुरुषांच्या बाजूला."

"मग तुला सुचलं नाही? आम्ही दोघी आत काय करणार?"

खरंच सुचलं नव्हतं. जिने, चढ, कुत्री, सगळं तपासलेल्या माणसाच्या डोक्यात सासू-सून एका पाण्यात विवस्त्र बसणार हे एकदाही आलं नव्हतं. खैरनारांच्या घरात वहिनी सासूसमोर ओले केस मोकळे सोडत नव्हत्या.

"मी नाही जात," वहिनी म्हणाल्या. "आई, तुम्ही जाऊन या. मी बसते बाहेर."

"मागच्या रविवारी कसा आला होतास?" काकूंनी भानुदासला विचारलं. "ऑफिस होतं ना?"

भानुदासने पंचा गळ्यात घातला, काढला.

"बघू नंतर," काकू म्हणाल्या. लुगडं घडी करून पिशवीत परत ठेवलं. "चल गं यामिनी. बारा वर्षं वसतिगृह सांभाळलंय मी. नव्वद मुली आणि तीन न्हाणीघरं. आणि हे बघ, मी चष्मा काढला की मला भिंत दिसत नाही, तू काय दिसणार?"

चष्मा काढून त्यांनी भानुदासच्या हातात दिला, वहिनींचं मनगट धरलं आणि लाल पडद्याआड गेल्या.

आमच्या बाजूला कोणी नव्हतं. लाकडी छत, दगडी टाकं, गंधकाचा हलका वास, आणि असं कढत पाणी की पहिली दोन मिनिटं आपण चूक केली असं वाटतं आणि मग बाहेर यावंसं वाटत नाही. मला वाटत नव्हतं. भानुदास मात्र मानेपर्यंत पाण्यात बसून अस्वस्थ होता. हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. तो उठायचा, काठावर बसायचा, गार लागलं की पुन्हा आत. मधली भिंत वर उघडी होती. पलीकडून पाण्याचा आवाज, बायकांची बोलणी, आणि एकदा काकूंचा खणखणीत आवाज, "अगं, आधी अंग धुवायचं, मग आत!" कोणाला रागावत होत्या देव जाणे.

"मी असं सुरू करतो," भानुदास म्हणाला. "आई, तुझी तब्येत आता चांगली आहे..."

"हे तर डॉक्टरसारखं झालं. वाईट बातमीच्या आधीचं."

"मग तू सांग."

"आई, मी दिवाळीला येत नाहीये. तीन वर्षं आणखी आहे. एवढंच."

"एवढंच कसं? कारण नको?"

"काकूंना कारण लागेल असं वाटत नाही."

त्याला पटलं नाही. कारणाशिवायचं वाक्य म्हणजे चाचणीशिवायचा प्रोग्राम.

चटयांच्या खोलीत काकू आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या. चेहरा लालसर, केस मोकळे, पाय सरळ लांब केलेले. मी त्यांना इतकं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं. वहिनी शेजारी चहा ओतत होत्या आणि त्यांचेही केस मोकळे होते. भानुदासने आईला चष्मा दिला आणि समोर मांडी घातली. सगळं आराखड्याप्रमाणे. खिडकी, नदी, फुकट चहा.

"आई, जगातले सगळे कॉम्प्युटर आहेत ना, त्यांच्यात वर्षाचे फक्त शेवटचे दोन आकडे..."

"मुद्द्यावर ये."

"काम वाढलंय."

"बरं."

"म्हणजे दिवाळीला जमणार नाही. आणि पुढच्या दिवाळीलाही... तीन वर्षं. तीन वर्षांचा करार झालाय."

काकूंनी कप खाली ठेवला. चष्मा लावला.

"झालाय की होणार आहे?"

"झालाय."

"सही?"

"केली."

"कधी?"

भानुदासने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मदत केली नाही.

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी इथे होते. तुझ्या गॅसवर वरण शिजवत होते. तू संध्याकाळी येऊन विचारायचास, आई, आज काय केलंस. आणि मी तुला फरशीचं सांगायची."

"आई, मी सांगणारच होतो. म्हणूनच तर ही सहल..."

"सहल माझ्यासाठी नव्हती का?"

काकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, चष्मा पुन्हा काढून चहाच्या कपाशेजारी ठेवला, ओला पंचा उचलला आणि चाचपडत लाल पडद्याआड निघून गेल्या.

भानुदास मागोमाग धावला आणि पडद्याशी थांबला. पुढे जाता येणार नव्हतं. मग तिथेच फेऱ्या घालू लागला. मालकीण गल्ल्यामागून मान लांब करून बघू लागली. बायकांच्या स्नानघराबाहेर घिरट्या घालणाऱ्या परदेशी पुरुषाबद्दल तिची काही ठाम मतं असावीत. त्याने तिला जपानीत आई आत आहे असं सांगितलं. ती हसली, पण मान आत घेतली नाही.

"गाडी चुकेल," त्याने मला सांगितलं.

"चुकू दे."

"पुढची फार उशिरा आहे. यामिनी, तू जा ना आत. सांग तिला की मी..."

"जाते," वहिनी म्हणाल्या. "पण तुझा निरोप घेऊन जाणार नाही."

आणि त्या गेल्या. आता कोणी ओढत नव्हतं, तरी गेल्या.

गाडी चुकली. नदीपलीकडून तिची शिट्टी ऐकू आली तेव्हा भानुदासने डोळे मिटून घेतले. भिंतीच्या पलीकडून या वेळी बोलण्याचा आवाज येत नव्हता, फक्त पाणी. तो कान देऊन उभा. त्याला आईशी वाद घालता येत होता, कारणं देता येत होती, माफीही मागता आली असती, पण सगळ्याला आई समोर हवी होती.

आत काय झालं ते वहिनींनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. फारसं काही झालं नव्हतं. काकू पाण्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. वहिनी शेजारी जाऊन बसल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पाठ चोळून दे गं जरा." वहिनींनी दिली. मग त्यांनी वहिनींची चोळून दिली.

बाहेर आल्या तेव्हा उन्हं डोंगरामागे गेली होती. भानुदास पुढे झाला.

"आई, ऐक. तीन वर्षं म्हणजे फार नाही. मी हिशेब केलाय, दर वर्षी एकदा..."

"भानुदास." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तू कधी येणार हे मी विचारलं होतं का तुला? इकडे येताना तूच सांगून आलास, दोन वर्षांनी. मग तूच सांगितलंस, दिवाळीला. मी गवंडी लावला. आता तारीख सांगू नकोस. यायचं तेव्हा ये. दार मी उघडीन. पण तारीख सांगू नकोस मला."

"पण आई, काहीतरी ठरवायला..."

"मी माझं ठरवते. चष्मा कुठाय माझा?"

परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. चौघांची बाकं, बाहेर अंधार. काकू खिडकीशी, शेजारी वहिनी. राहिलेली दशमी दोघींनी अर्धी अर्धी खाल्ली, आम्हाला कोणी विचारलं नाही. काही वेळाने वहिनी हळूच म्हणाल्या, "आई, कोटाच घाला. थंड असतो तर बरा."

"मोझॅक घालणार आहे मी," काकू म्हणाल्या. "घर माझंय." आणि सुनेच्या खांद्याला डोकं टेकून झोपल्या.

भानुदास ताकासाकीपर्यंत जागचा हलला नाही. पिशवी नाही, जिना नाही, स्टेशनाचं नाव नाही. मला वाटलं, चला, सुटला एकदाचा. तेवढ्यात त्याने माझ्याकडे झुकून, आईकडे एक डोळा ठेवून, अगदी हलक्या आवाजात विचारलं, "करार संपतो तो दोन हजार एकचा मार्च धरला, तर पाडवा साधारण कधी येतो रे?"

"गप बस, भानुदास," मी म्हणालो.

तो गप बसला. पण बोटं मांडीवर हलत होती, एकामागून एक, आणि काकूंचे डोळे मिटलेले असले तरी त्या झोपलेल्या होत्या असं मी खात्रीने सांगणार नाही.